खंडनाकडून कीर्तनाकडे: अक्कलकोट परिसर आणि मराठी ख्रिस्ती वाणीची जडणघडण

सोलापूरच्या आग्नेयेस सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावर असलेले अक्कलकोट आज मुख्यत्वे श्री स्वामी समर्थांचे समाधिस्थान म्हणून ओळखले जाते. परंतु एखाद्या प्रदेशात धर्माची भाषा कशी घडते, ती कधी धारदार होते आणि कोणत्या अनुभवांनी तिच्यात ओलावा येतो, हे पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला हा परिसर आणखी एका कारणाने मोलाचा वाटतो. छत्रपती शाहूंनी पुत्रवत वाढवलेल्या फत्तेसिंह भोसले यांच्या घराण्याची ही जहागीर सातारचे राज्य १८४८ साली खालसा झाल्यावर इंग्रजांच्या देखरेखीखाली आली आणि १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत संस्थान म्हणून टिकली. एका अंगाला ब्रिटिश सोलापूर जिल्हा आणि दुसऱ्या अंगाला निजामाचा मुलूख अशा बेचक्यात हे संस्थान वसलेले असल्यामुळे येथील बाजारात मराठी, कन्नड आणि दखनी या तिन्ही बोली एकाच वेळी कानी पडत; १९६७ साली महाजन आयोगाने अक्कलकोट तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावे अशी शिफारस केली होती, यावरून तेथील कन्नडचा जोर किती होता हे ध्यानात येते.

या पट्ट्यात धार्मिक वाणीची परंपरा दाट आहे. बाराव्या शतकात बसवेश्वर काही काळ मंगळवेढ्यास होते आणि सिद्धरामेश्वरांनी सोलापूर हीच आपली कर्मभूमी केली. या शरण, म्हणजे वीरशैव संत, मंडळींची वचने, म्हणजे कन्नडमधील छोटी, गद्यासारखी वाटणारी भक्तिपर रचना, बोलण्याच्या शुद्धतेला साधनेचाच भाग मानतात. पश्चिमेस पंढरपूर, पूर्वेस दत्तसंप्रदायाचे गाणगापूर आणि तालुक्यातच हैद्रा येथील दर्गा, अशा स्थानांमुळे अभंग, आरती आणि कव्वाली ऐकणारा श्रोता येथे पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आला. १८५७ च्या आसपास अक्कलकोटास येऊन १८७८ साली तेथेच समाधिस्थ झालेल्या स्वामी समर्थांबद्दल तर सामान्य भक्ताच्या स्मरणात सर्वांत ठळक राहिले ते त्यांचे अभयवचन, भिऊ नये असे सांगणारा त्यांचा दिलासा. धर्मपुरुषाने तोंड उघडले तर त्यातून आधार मिळावा, अशी अपेक्षा बाळगणाऱ्या या लोकांसमोर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती उपदेशक येऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्याजवळ कोणती भाषा होती, या प्रश्नाचे उत्तर एकट्या अक्कलकोटात मिळत नाही. त्यासाठी गोवा, मुंबई, अहमदनगर आणि केडगाव येथपर्यंत जावे लागते.

ख्रिस्ती धर्मग्रंथात वाणीचा विषय गौण नाही. बायबलच्या जुन्या करारातील ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात जीवन आणि मरण हे दोन्ही जिभेच्या अधीन असल्याचे म्हटले आहे, तर पंधराव्या अध्यायाचा आरंभच मृदू उत्तराने राग शमतो या विचाराने होतो. नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय जवळजवळ पूर्णपणे जिभेवर आहे. घोड्याचा लगाम, जहाजाचे सुकाणू आणि रान पेटवणारी ठिणगी या दृष्टांतांतून, ज्या तोंडाने देवाची स्तुती होते त्याच तोंडाने देवाच्या प्रतिरूपाने घडलेल्या माणसाला शाप देणे किती विसंगत आहे, हे तेथे दाखवले आहे. पौलाने इफिस येथील मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धावंतांच्या स्थानिक समुदायाला, लिहिलेल्या पत्रात ऐकणाऱ्याची उन्नती होईल तेच बोलावे असा दंडक घातला आहे, आणि कलस्सै येथील मंडळीला बाहेरच्या लोकांशी बोलताना शब्द कृपायुक्त आणि मिठाने रुचकर केलेले असावेत असे सांगितले आहे. हा शेवटचा उपदेश परधर्मीयांशी करावयाच्या संभाषणालाच उद्देशून आहे, आणि महाराष्ट्रात त्याचा विसर सर्वाधिक पडला तो नेमका त्याच ठिकाणी.

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा प्रारंभ मात्र मधुर शब्दानेच झाला होता. १५४९ साली इंग्लंडात जन्मलेले आणि १५७९ साली गोव्यास आलेले फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूंनी साष्टी भागात राहून १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापून घेतले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची चौकट संवादाची आहे: नवख्रिस्ती श्रोते प्रश्न विचारतात आणि पाद्री गुरू त्यांना उत्तरे देतो. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या लोकांना पुराणच द्यावे आणि तेही त्यांच्या ओवीत, हा निर्णय घेण्यासाठी स्टीफन्सना प्रथम त्या लोकांचे ग्रंथ आणि त्यांचे कान दोन्ही समजून घ्यावे लागले. मराठी भाषेविषयी त्यांनी व्यक्त केलेला जिव्हाळा हा अशा ऐकण्याचाच परिणाम होय. त्यानंतर अवघ्या दोन दशकांच्या आत एत्येन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरच्या जीवनावर लिहिलेल्या पुराणात हिंदू देवतांचे सविस्तर आणि कडवट खंडन आढळते. छंद तोच, भाषा तीच, पण वृत्ती बदललेली, असा हा फरक आहे. अर्थात स्टीफन्स यांच्या सौम्यतेचे कौतुक करताना ज्या साष्टीत ती ओवी गायिली गेली तेथील देवळे पोर्तुगीज सत्तेने आधीच पाडली होती, आणि १५८३ साली कुंकळ्ळी येथे जेझुइटांची हत्या होण्याइतका तेथील संघर्ष पेटलेला होता, हे नजरेआड करता येत नाही. ओवी मऊ असली तरी तिच्या मागे उभी असलेली सत्ता मऊ नव्हती.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांना गोव्याचा हा वारसा जवळजवळ ठाऊकच नव्हता. बोस्टन येथील अमेरिकन बोर्डाने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले आणि त्यांच्यापासून सुरू झालेली संस्था पुढे अमेरिकन मराठी मिशन म्हणून प्रसिद्ध झाली. १८३१ साली तिने अहमदनगरला ठाणे केले आणि १८६० च्या दशकात सोलापूरला. तथापि वादाची पद्धत ठरवून दिली ती स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनी. १८२९ साली मुंबईत आलेल्या विल्सन यांनी लवकरच शास्त्री-पंडितांशी जाहीर चर्चा आरंभल्या. त्यांना उत्तर म्हणून मोरभट दांडेकर यांनी १८३१ साली ‘हिंदुधर्मस्थापना’ हा ग्रंथ लिहिला, विल्सन यांनी हिंदू धर्माचे वाभाडे काढणारे प्रत्युत्तर प्रसिद्ध केले, साताऱ्याच्या नारायणराव या शिक्षकांनी पुन्हा त्याला उत्तर दिले आणि १८३४ मध्ये विल्सन यांचे दुसरे खंडन बाहेर पडले. या पद्धतीला खंडन-मंडन असे नाव आहे. खंडन म्हणजे प्रतिपक्षाचे मत खोडून काढणे आणि मंडन म्हणजे स्वतःच्या मताची स्थापना करणे. भारतीय दर्शनांत ही पद्धत जुनीच आणि आदरणीय आहे, त्यामुळे वाद घातला एवढ्यासाठी विल्सन यांना दोष देणे योग्य होणार नाही. ते संस्कृतचे जाणकार होते, शिक्षणासाठी त्यांनी केलेले काम मोठे आहे. दोष असेल तर तो असा की त्यांच्या हातून मंडनापेक्षा खंडन वरचढ झाले आणि ज्या देवतांच्या नावाने श्रोत्याची आई रोज दिवा लावत होती त्यांच्याविषयी बोलताना त्यांच्या लेखणीने आरोपपत्राचा सूर धरला.

प्रतिपक्षाची भाषाही काही गोड नव्हती. धर्मांतर केलेल्या माणसाला ‘बाटगा’ म्हणणे, त्याच्या हयातीतच त्याचे घटश्राद्ध घालणे, म्हणजे पाण्याचा घट फोडून तो आपल्यापुरता मेला असे जाहीर करणे, आणि त्याच्या घरच्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आणणे, या सर्व कृतींत शब्द हेच मुख्य शस्त्र होते. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या घरी राहून आल्यावर न्यायालयाच्या निकालाने वडिलांकडे परतला, तेव्हा त्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून पत्रकार बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची बाजू घेतली. या साध्या माणुसकीच्या भूमिकेसाठी सनातन्यांनी जांभेकरांनाच फैलावर घेतले. पुढे दुष्काळात ख्रिस्ती झालेल्या दलित कुटुंबांना भुकेसाठी धर्म विकल्याची दूषणे ऐकावी लागली. उपदेशकाचा कठोर शब्द आणि समाजाचा कठोर शब्द या दोहोंच्या मधोमध सापडला तो धर्मांतरित माणूस, आणि दोन्ही बाजूंनी त्याच्यावर झालेला मारा हेच पुढील परिवर्तनाचे एक कारण आहे. कारण वाणी बदलली ती परदेशी मिशनऱ्यांपेक्षा अधिक करून मराठी ख्रिस्ती माणसांनी.

खंडनाच्या युगातील सर्वांत गाजलेला प्रसंग १८५७ सालचा आहे. कुलाबा जिल्ह्यात जन्मलेले विष्णुबुवा ब्रह्मचारी, मूळ नाव विष्णू भिकाजी गोखले, यांनी त्या वर्षी जानेवारी ते मे या काळात मुंबईच्या समुद्रकिनारी ख्रिस्ती प्रचारकांशी जाहीर वाद केले आणि त्यांची हकिकत दोन्ही बाजूंनी छापली. ख्रिस्ती पक्षाचे प्रमुख प्रतिवादी जॉर्ज बोवेन होते. बोवेन हे १८४८ साली अमेरिकन मिशनतर्फे मुंबईत आले, पण परदेशी पगारदार उपदेशकाचे बोलणे गरीब श्रोत्याच्या मनाला भिडत नाही असे वाटून त्यांनी मिशनचे वेतन सोडले, देशी वस्तीत अत्यंत साधेपणाने राहिले आणि १८८८ साली मृत्यू येईपर्यंत तसेच जगले. समुद्रकिनाऱ्यावरील त्या वादात कोण जिंकले याविषयी दोन्ही पक्षांचे दावे अपेक्षेप्रमाणे परस्परविरुद्ध आहेत आणि ते तपासण्यात फारसा लाभ नाही. लक्षणीय आहे ते हे की बोवेन यांच्या युक्तिवादांपेक्षा त्यांचे राहणेच लोकांच्या अधिक लक्षात राहिले. शब्दाला वजन येण्यासाठी शब्दाबाहेर काहीतरी मोजावे लागते, ही गोष्ट बोवेन यांना इतर अनेकांच्या आधी उमगली होती.

याच काळात दुसरीकडे एक वेगळी भाषा घडत होती. अमेरिकन मिशनने जून १८४२ मध्ये अहमदनगरहून सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या पहिल्या काही दशकांत खंडनपर मजकूर पुष्कळ आहे. परंतु त्याच ‘ज्ञानोदया’ने १८५५ साली मुक्ता साळवे या जोतीराव फुल्यांच्या शाळेतील मांग समाजाच्या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला. हा निबंध सौम्य नाही. पेशवाईतील अन्यायाचा आणि ब्राह्मणी धर्मग्रंथांच्या मक्तेदारीचा त्यात जो जाब विचारला आहे तो आजही वाचणाऱ्याला अस्वस्थ करतो. जीवनदायी शब्दाचा विचार करताना हा निबंध बाजूला ठेवणे म्हणजे विषय सोपा करून घेणे होय. कारण कृपायुक्त बोलण्याचा दंडक ज्याच्या हाती सत्ता किंवा व्यासपीठ आहे त्याच्यावर पडतो, ज्याचा गळा दाबला गेला आहे त्याने ओरडू नये असा त्याचा अर्थ होत नाही. विल्सन यांची कठोरता आणि मुक्ताची कठोरता यांना एकाच मापाने मोजणारा समीक्षक भाषेकडे पाहतो, पण बोलणारा कोठे उभा आहे हे पाहत नाही.

वाणीच्या बदलाचे मुख्य साधन ठरले ते कीर्तन. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात: पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे तात्त्विक निरूपण आणि उत्तररंगात त्याला पोषक असे आख्यान, म्हणजे रंगवून सांगितलेली कथा, मध्ये मध्ये साक्या, दिंड्या, पदे आणि नामगजर. १८६० च्या दशकात अहमदनगरच्या परिसरात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी हाच घाट घेऊन येशूच्या जीवनावर आणि बायबलमधील कथांवर कीर्तने रचली व केली. टाळ-मृदंगाच्या साथीवर ख्रिस्तकथा सांगणे काही मिशनऱ्यांना आरंभी रुचले नसले तरी परिणाम नाकारण्याजोगा नव्हता: बाजारातल्या भाषणाला जे लोक शेरे मारून निघून जात तेच रात्री कीर्तनाला तासन्‌तास बसत. कारण उघड आहे. कीर्तनकाराला श्रोत्यांशी भांडून चालत नाही. कीर्तनाचा साचाच असा की वक्त्याला श्रोत्याला हसवावे, रडवावे आणि शेवटी त्याच्या पाया पडण्याइतके नम्र व्हावे लागते. खंडन ज्याला विरोधक मानते त्याला कीर्तन पाहुणा मानते.

सोलापूर आणि अक्कलकोटच्या बाजूचा श्रोता या बदलाला विशेष अनुकूल होता, असे म्हणण्यास आधार आहे. मुंबईच्या शास्त्रीमंडळींना न्याय आणि वेदान्त यांच्या परिभाषेतील वाद ऐकण्याची गोडी होती. संस्थानी गावातील कोष्टी, शेतकरी आणि बलुतेदार यांना ती असण्याचे कारण नव्हते, त्यांच्या रात्री भजनात आणि कथेत जात. त्यातच १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळून निघाला आणि १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांनी तोच घाव पुन्हा उघडला. अशा काळात मिशनचा माणूस दारी आला तो अन्न, औषध किंवा अनाथ मुलासाठी आसरा घेऊन, आणि मरणाच्या दारातल्या माणसाशी कोणी देवतांच्या दोषांची चर्चा करत नाही. मदतीने माणसे बांधली गेली, काहींनी धर्म बदलला, आणि त्यावरून मिशनवर झालेल्या टीकेत तथ्यही होते. पण उपदेशकाच्या तोंडची भाषा या संकटांनी खाली आणली, वादाच्या कट्ट्यावरून उतरवून घराच्या उंबऱ्यापाशी आणली, हेही तितकेच खरे आहे. त्या उंबऱ्याच्या आत जाण्याची मुभा पुरुष उपदेशकाला नसे. तेथे गेली ‘बायबल बाई’, म्हणजे घरोघर जाऊन स्त्रियांना वाचायला शिकवणारी आणि बायबलमधील कथा सांगणारी ख्रिस्ती कार्यकर्ती. मिशनच्या इतिहासात तिचे नाव क्वचितच येते; पण चुलीशेजारी बसून, लेकीबाळींची विचारपूस करत झालेल्या बोलण्याने जे साधले ते जाहीर वादांनी साधले नव्हते, असे मानणे चुकीचे ठरणार नाही.

या सर्व प्रवाहांना एकत्र आणले ते नारायण वामन टिळक यांनी. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले टिळक कवी म्हणून आधीच ज्ञात होते. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपियन प्रवाशाशी गाठ पडली. त्या अनोळखी माणसाने त्यांना जागा करून दिली, संस्कृत काव्याबद्दल आदराने चर्चा केली आणि निरोप घेताना नव्या कराराची प्रत हाती देऊन दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती प्रवेशविधी झाला, आणि तोही त्यांच्या आग्रहाने भारतीय पाळकाच्या, म्हणजे मंडळीच्या देशी धर्मगुरूच्या, हातून. साठ वर्षांच्या खंडनग्रंथांनी टिळकांसारखा माणूस वळला नव्हता. कालिदासावर बोलू शकणाऱ्या आणि समोरच्याचे ऐकून घेणाऱ्या एका प्रवाशामुळे तो नवा करार उघडून वाचू लागला. भाकिताचा भाग श्रद्धेचा मानून सोडून दिला तरी हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

पुढे टिळकांनी आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगितले, आणि हे विधान त्यांच्या काव्यात त्यांनी अक्षरशः पाळले. त्यांची ख्रिस्ती भजने आणि अभंग वारकरी छंदात आणि वारकरी जिव्हाळ्यात रचलेले आहेत. देवाला माऊली म्हणण्याची धिटाई मराठी ख्रिस्ती उपासनेत आली ती मुख्यत्वे त्यांच्यामुळे. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’चा मराठी भाग संपादताना त्यांनी इतर धर्मांविषयी तुच्छतेने लिहिण्याची जुनी रीत बाजूला सारली. नगरच्या त्यांच्या घरी बालकवी ठोंबरे राहिले ते धर्म न बदलता आणि घरच्यासारखे. हे घर सहजासहजी मात्र उभे राहिले नव्हते. टिळकांच्या धर्मांतरानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षे दूर राहिल्या, नातलगांचे बोल त्यांनी सोसले, आणि १९०० साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या कोणी वादात हरवले म्हणून झाल्या नाहीत. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात ना हिंदू नातेवाइकांबद्दल कडवटपणा आहे ना मिशनबद्दल खुशामत. नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणावर आणि स्वतःच्या सोवळ्यावर त्या सारख्याच मोकळेपणाने हसतात. ख्रिस्ती माणसाने कसे बोलावे याचा मराठीतील सर्वोत्तम नमुना कोणत्याही प्रवचनसंग्रहात नसून या पुस्तकात आहे, असे निःसंकोच म्हणता येते. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही बहुतांशी त्यांनीच पुढे नेले आणि पुत्र देवदत्त यांनी पूर्ण केल्यावर ते १९३८ साली प्रसिद्ध झाले.

मिशनरी वर्गातही या सुमारास बदल दिसू लागला. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनी निवृत्तीनंतर एकनाथ, तुकाराम आणि महिपती यांच्या चरित्रांची व रचनांची इंग्रजी भाषांतरे मालिकेने प्रसिद्ध केली. स्कॉटिश मिशनचे निकोल मॅक्निकल यांचा मराठी संतांच्या अभंगांचा इंग्रजी संग्रह १९१९ साली, म्हणजे टिळकांच्या मृत्यूच्याच वर्षी, निघाला. ज्या परंपरेचे दोष मोजण्यात पहिली पिढी रमली तिचीच पदे तिसरी पिढी आदराने उतरवून घेऊ लागली. ऐकणे आधी आणि बोलणे मागून, हा क्रम स्टीफन्स यांच्यानंतर तीनशे वर्षांनी पुन्हा प्रस्थापित झाला.

पंडिता रमाबाईंचा मार्ग टिळकांपेक्षा निराळा होता. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंना दोन्हीकडून शब्दांचे घाव बसले: पुण्याच्या वृत्तपत्रांतून त्यांच्या शारदा सदनावर, म्हणजे विधवांसाठीच्या शाळेवर, धर्मांतराचे आरोप झाले, आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात आपल्या सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य त्यांना इंग्रज गुरूंपुढेही निग्रहाने मांडावे लागले. त्या पत्रांतील सूर आर्जवी नाही. तो ठाम आहे, आणि तरीही स्नेहाचा धागा तोडणारा नाही. सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो स्त्रियांसाठी त्यांनी मुक्ती मिशन उभारले, आणि प्रचलित मराठी बायबल या स्त्रियांना समजत नाही असे दिसल्यावर हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, ज्याची अक्षरजुळणी मुक्तीतील मुलींनीच केली. संस्कृत पुराणे मुखोद्गत असलेल्या विदुषीने आपले पांडित्य बाजूला ठेवून निरक्षर बाईच्या कानाला पेलेल अशी भाषा निवडावी, हे वाणीच्या दृष्टीने मोठे त्यागाचे काम होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा मृत्यू झाला आणि भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

रमाबाईंच्या कामाची एक शाखा अक्कलकोटच्या अगदी शेजारी पोहोचली होती. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० साली सोलापूरला आणि १८७१ साली रायचूरपर्यंत गेला. गावापासून काही अंतरावर असलेले अक्कलकोट रोड हे स्थानक याच मार्गावर आहे आणि त्यापुढे तेव्हा निजामाच्या हद्दीत असलेले गुलबर्गा लागते. तेथे रमाबाईंनी कन्या मनोरमा हिच्या साहाय्याने १९१३ च्या सुमारास मुलींची शाळा काढली. केडगाव ते गुलबर्गा या प्रवासात मराठी मुलूख जेथे संपतो आणि कन्नड सुरू होते तो सांधा म्हणजेच अक्कलकोटचा परिसर. मनोरमा १९२१ साली आईच्या आधी वारल्या, पण सीमेपलीकडच्या मुलींसाठी शाळा हीच भाषा निवडण्याचा त्या मायलेकींचा निर्णय खंडनाच्या युगाचा शेवट किती दूरवर पोहोचला होता हे दाखवतो.

एवढे असूनही या इतिहासाला पूर्णविजयाचे रूप देता येत नाही. मंडळीत एकमेकांस बंधू आणि भगिनी म्हणणाऱ्या लोकांत पूर्वाश्रमीच्या जातीवरून बसण्या-जेवण्याचे आणि सोयरिकीचे भेद राहिले, आणि मिशनरी व देशी कार्यकर्ता यांच्यातील वेतनाचे व अधिकाराचे अंतर गोड शब्दांनी बुजले नाही. टिळकांनी याच कारणाने १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान ठेवले. मऊ बोलणाऱ्या संस्थेत समान हक्क मिळत नसेल तर ते बोलणे अपुरे आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि तो बोवेन यांच्या सत्तर वर्षे आधीच्या निर्णयाशी जुळतो. दरबाराची रचना पक्की होण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत निवर्तले आणि त्यांच्यामागे तो फार काळ टिकला नाही. विल्सन यांची खंडने आज अभ्यासकांखेरीज कोणी उघडत नाही. टिळकांची भजने मात्र ‘उपासना संगीत’ या संग्रहातून मराठी मंडळ्यांत दर रविवारी गायिली जातात.